दुसरी किल्ली

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मुंज्याची गोष्ट सांगणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून पिंपळाच्या पानाची आकृती काढायला लावायचे. आमच्या ह्यांनी गाडीला लिंबू-मिरची बांधली, की दुसऱ्या दिवशी त्या मिरच्या मी फोडणीत टाकायचे. तेव्हा मी असलं काही लिहायला बसेन असं कुणी सांगितलं असतं, तर त्यालाही पान काढायला लावलं असतं...

आम्ही कुंडलचे. गावाबाहेर पलूसच्या रस्त्याला घर, शेजारी पत्र्याची शेड, शेडमध्ये पांढरी गाडी. तिन्ही बाजूंना ऊस. तो वाढला की शेजारचं घरसुद्धा दिसत नाही. हे सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि आल्या आल्या त्यांनी ही गाडी घेतली. मला चालवता येत नाही, त्यामुळे मी कायम डावीकडे. गाडी हे चालवायचे आणि ब्रेक मी दाबायचे, माझ्या बाजूला नसलेला. त्यावरून मला शेवटपर्यंत चिडवलं त्यांनी.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी अँब्युलन्स बोलवायला फोन उचलला तर म्हणाले, "मास्तरीणबाई, ती यायच्या आत आपण मिरजंत असू." आणि खरंच स्वतः चालवत मिरजेला गेले. मी शेजारी बसून नुसती त्यांच्याकडे बघत होते. दवाखान्याच्या आवारात गाडी नीट रेघेत लावली, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि चालत आत गेले. परत आले नाहीत. पिशवीतून कपडे आले, घड्याळ आलं, चष्मा आला. किल्ली नव्हती. त्या गडबडीत कुठे पडली कोण जाणे. घरात दुसरा जोड होता, त्यावर मुलाने गाडी घरी आणली.

मुलगा, सुहास, पुण्याला असतो. गाडी विक, घर बंद कर आणि माझ्याकडे ये, हे त्याचं पालुपद. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. शेवटी त्यानेच म्हसवडचं एक गिऱ्हाईक बघितलं. दसरा झाला की रविवारी येऊन गाडी बघून जाणार होते.

पहिलं वर्षभर आमच्याकडे सण नव्हते. त्यामुळे ही त्यांच्या माघारी पहिलीच खंडेनवमी. आमच्याकडे विळा, कोयता, खुरपं आणि गाडीची किल्ली एका पाटावर मांडून पुजतात. पूजा ह्यांची, स्वयंपाक माझा, अशी वाटणी होती. यंदा घरात मी एकटी. विश्वास असो नसो, त्यांची रीत मोडवेना. मग मी आपली साग्रसंगीत पूजा केली. दूध, पाणी, हळद, कुंकू, वर मूठभर अक्षता. विळ्या-कोयत्याला ते चाललं. किल्लीला काही मानवलं नाही.

संध्याकाळी बटण दाबलं तर गाडीचं दार उघडेना. सुहासला व्हिडिओ कॉल लावला. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "आई, बाबा किल्लीला नुसतं फूल लावायचे." इतकी वर्षं मी पलीकडे पुऱ्या तळत होते, मला ते माहीतच नव्हतं.

त्याने सांगितलं तसं चाकूच्या टोकाने किल्लीचं प्लॅस्टिक उघडलं. आत कुंकवाचा चिखल. ह्यांचा जुना टूथब्रश घेऊन तो घासून काढला, किल्ली उन्हात वाळवली, नाण्यासारखा नवा सेल आणून घातला. दार उघडायला लागलं. मला केवढा आनंद! पण गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन धरायचं नाही, आणि समोर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत राहायचा.

ही इमोबिलायझरची भानगड, सुहासने समजावलं. किल्लीच्या मुठीत एक चिप असते, तांदळाच्या दाण्याएवढी. ती स्टेअरिंगजवळ आली की गाडी ओळखते, दिवा विझतो, मगच इंजिन सुरू होतं. ओळख पटली नाही तर बसा ढकलत. शनिवारी तो स्वतः आला, किल्ली उघडून बघितली, तर चिपची जागा रिकामी. मी घासताना ती निसटली असणार आणि अक्षतांबरोबर केरात गेली असणार. तांदूळच तो, कुणाला कळणार? मग त्याने पलूसच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला नवी किल्ली घेऊन बोलावलं.

तो येईपर्यंत दुपारी मी गाडीतल्या ह्यांच्या वस्तू काढायला गेले. गॉगल, कंगवा, बडीशेपची डबी. सवयीने डावीकडे बसले. डबी उघडली, वास आला, आणि मला फार एकटं वाटलं. घरातही एकटीच असते, पण ते वेगळं. जरा रेडिओ लागावा म्हणून वाकून हात लांब केला आणि तिथेच लावलेली ती बिनचिपची किल्ली फिरवली. हात थोडा जास्त गेला...

लाल दिवा विझला. गाडी सुरू झाली.

भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

सुहास धावत आला. गाडी बंद करून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि किल्ली फिरवली. दिवा लुकलुकायला लागला, गाडी ढिम्म. तो उतरला, मी डावीकडून फिरवली, सुरू. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तो डावीकडे, मी बाहेर. नाही. मी उजवीकडे, तो डावीकडे. नाही. मी डावीकडे आणि उजवी सीट रिकामी असली, तरच सुरू. पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तेच.

सुहासने सीटखाली बघितलं, पायपुसणी उचलली, स्टेअरिंगखालचं कव्हर खोललं. कुठे काही नाही. घाम पुसत म्हणाला, "म्हंजी दुसरी किल्ली हितंच कुठंतरी हाय आई. ड्रायव्हरच्या खिशाएवढ्या अंतरावर." पुण्याला गेल्यापासून तो असं बोलत नाही. बोलता बोलता ड्रायव्हरच्या सीटवर टेकलेला हात त्याने काढून घेतला.

तेवढ्यात इलेक्ट्रिशियन आला. आम्ही दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही. त्याने आपलं यंत्र जोडलं आणि दुसरी किल्ली कुठे आहे विचारलं. हरवली म्हटलं.

"मग ती पुसून टाकूया काकू," तो म्हणाला. "नवी घालताना जुन्या काढतोच आमी. एकदा पुसली की त्या किल्लीला गाडी वळखणार न्हाई. उगं कुणाच्या हातात पडली तर?"

म्हसवडकर सकाळी यायचे होते. नवी किल्ली झाली की गाडी जाणार, गाडी गेली की माझी बॅग भरायची, हे सगळं मला कळत होतं. सुहास माझ्याकडे बघत होता.

"राहू दे," मी म्हटलं. "काही पुसू नका. गाडी द्यायची नाही."

इलेक्ट्रिशियनला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. यंत्र गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुमची मर्जी. लय जीव दिसतोय गाडीवर." सुहासला मात्र रागवायला जमलं नाही. बाहेर जाऊन त्याने म्हसवडला फोन लावला, यायचं रद्द करा म्हणून सांगितलं. पुण्याला चलायचं पुन्हा काढलं नाही त्याने.

नंतर पुष्कळांनी पुष्कळ कारणं सांगितली. वायर लूज असेल, ओलावा गेला असेल, सीटवरच्या वजनाने काहीतरी टेकत असेल. वर्गात कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण सुहास डावीकडे बसून बघून झालं, मी उजवीकडे बसून बघून झालं, तेव्हा हे एकही कारण लागू पडलं नाही. माझ्याकडे आजही उत्तर नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा... पण यंत्र घेऊन येऊ नका.

रोज दिवेलागणीच्या आधी मी शेडमध्ये जाते, डावीकडे बसते, गाडी सुरू करते. बॅटरी उतरू नये म्हणून, असं विचारणाऱ्याला सांगते. आणि दिवसभरात काय काय झालं ते बोलत बसते. ऊसतोड अजून आली नाही, दुधाचं भांडं उतू गेलं, असलंच काहीबाही.

आता सगळे म्हणतात, गाडी ठेवलीच आहे तर चालवायला शिका. पलूसला बायकांसाठी क्लास आहे म्हणे. शिकायला माझी ना नाही. पण शिकायचं म्हणजे उजवीकडे बसायचं, आणि मग ह्यांनी कुठे बसायचं?