गळा तापवताना

आमच्या धंद्यात बोलण्याआधी गळा तापवावा लागतो. आधी ओठ मिटून गुणगुणायचं, मग ओठ फुरफुरवायचे, मग जीभ अडखळेल अशी वाक्यं भराभर म्हणायची. अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या कारखान्यांपासून जवळच आमचं घर. खोलीच्या भिंतींना चादरी टांगून मी तिथंच रेकॉर्डिंग करते. बोलती पुस्तकं, जाहिराती, कधी कार्टूनमधली चेटकीण.

त्या चेटकिणीनंच घात केला. दिवसभर घसा खरवडून हसले आणि दुसऱ्या सकाळी गुणगुणायला ओठ मिटले, तर नुसती हवा. एका कादंबरीची निम्मी प्रकरणं माझ्या आवाजात झाली होती, निम्मी राहिली होती.

मग मी तेच केलं, जे आमच्यातलं कुणीही करील. आवाज थंड पडलाय, तापवू या. पाच मिनिटांऐवजी अर्धा अर्धा तास गुणगुणले, तेही चार दिवस. गाडी सुरू होत नाही म्हणून किका मारत राहावं, तसं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "सुजलेल्या गळ्याला व्यायाम देत होतात तुम्ही. आता दोन आठवडे एक शब्द नको. कुजबुजसुद्धा नको." आवाज पहिल्यासारखा होईल ना, असं मी कागदावर लिहून विचारलं. ते म्हणाले, "बघू." इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

माझ्या वडिलांची हयात मागावर गेली आणि कानही तिथंच गेले. त्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. मी नुसते ओठ हलवले की त्यांना सगळं कळायचं. "कारखान्यात कुटं कुणाला आवाज लागतोय," ते म्हणाले. मला त्यांचा रागच आला. पण रडायचीही चोरी होती, घसा ताणला तर?

दोन आठवड्यांनी हलकं गुणगुणायची परवानगी मिळाली. चादरींच्या खोलीत उभी राहिले, ओठ मिटले, पण श्वास सोडवेना. करून पाहिलं नव्हतं तोवर आवाज असेल असं म्हणता तरी येत होतं. बाबा दारात आले. मला तशीच उभी पाहून त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकवला. मी गुणगुणले. काहीतरी आलं. खालचं, जाडसर. मला ते ओळखीचं वाटेना.

वळून मी ओठ हलवले, "माझाच आहे का?"

"वाजतंय की, हाताला लागलं," ते म्हणाले. "तुजाच हाय का, ते मला कसं कळनार, पोरी? तुजा आवाज मी धा वर्सं ऐकला न्हाय."

ते गेल्यावर कादंबरीचं आधी रेकॉर्ड केलेलं प्रकरण लावून दोन्ही आवाज पडताळायला हवे होते. मी हेडफोन हातात घेतला, बराच वेळ धरून बसले आणि परत खुंटीला अडकवला.