शेषरावचा खड्डा

नोकरीची शेवटची तीन वर्षं मी उत्तरेकडच्या एका फील्ड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. हुद्दा हवालदार, काम रक्त तपासायचं. लोकांना वाटतं सैनिक म्हणजे बंदूक. माझ्या हातात बावीस वर्षं सुई होती आणि भलेभले पहिलवान गडी ती पाहून तोंड फिरवायचे.

नायक शेषराव माझ्याच गावचा, आखाडा बाळापूरच्या अलीकडचा. शेजारच्या युनिटमध्ये ड्रायव्हर होता. उजव्या बरगडीखाली महिनाभर जड वाटतंय म्हणून आला. सोनोग्राफीत यकृतात पाण्याचा फुगा दिसला, मोसंबीएवढा. आमच्या मेजर मॅडम मराठीच. त्यांनी विचारलं, "घरी कुत्रा आहे?"

"गावात कुत्रं कुनाकडं न्हाई, मॅडम?"

"बकरं कापता?"

शेषराव माझ्याकडे बघून हसला. आमच्याकडे नवस फेडायला कंदोरी करतात. बकरा कापायचा आणि गावाला जेवू घालायचं. कधीकधी बकऱ्याच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याचे फुगे निघतात. ते कापून कुत्र्यांपुढे टाकायचे, ही रीतच. मुक्या जिवाला घास दिल्याचं पुण्य मानायचे. पण त्या फुग्यात एका किड्याची पिलावळ असते. ती कुत्र्याच्या पोटात वाढते, तिची अंडी कुत्र्याच्या अंगावरून आपल्या हाताला लागतात आणि हातावरून पोटात जातात. मग माणसाच्या यकृतातही तसाच फुगा वर्षानुवर्षं मुकाट वाढत राहतो. मी लॅबवाला. पुस्तकात हे सगळं वाचलेलं, पण आमच्या कंदोरीशी कधी जोडलं नव्हतं. सांगायला लाज वाटते.

मॅडमनी रक्ताची अँटिबॉडी टेस्ट लिहिली. गेटवरच्या रजिस्टरसारखी ती. शत्रू आत शिरला असेल, तर बहुधा त्याची नोंद सापडते. आमच्याकडे किट नव्हतं, रक्तातून काढलेलं सीरम बेस हॉस्पिटलला जाणार होतं. तोवर ऑर्डर एकच, बेड रेस्ट. फुगा पोटात फुटला, तर त्या पाण्याने माणूस जागच्या जागी कोसळू शकतो.

दरड पडून रस्ता बंद झाला. दोन दिवस सीरम माझ्या फ्रीजमध्ये राहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला गाड्यांचा कॉन्व्हॉय ते घेऊन निघाला. दहा वाजता शेषराव चप्पल घालून लॅबच्या दारात उभा.

"माधव, माझी गाडी दुसऱ्याला देऊन राहिले. तिच्यातलं सामान घेऊन येतो. दोनच मिनिटं."

"बेड रेस्ट आहे तुला."

"झोपून झोपून पाठ सडली. तू काहून मेजर होऊन राहिला?"

मला हसू आलं. गाववाल्याला नाही म्हणणं जिवावर आलं. म्हणालो, "जा. लवकर ये."

दहा वीसला गाड्यांच्या तळावरून रेडिओ वाजला.

"मेडिकल, एमटी पार्क. ड्रायव्हर कॅबमधून उतरताना घसरला. पोट बंपरवर आदळलं. अंग सुजतंय, श्वास घेता येत नाही. ओव्हर."

"स्ट्रेचर निघालं. आउट."

मॅडमनी इंजेक्शनं दिली, नळी घातली, छाती दाबत राहिल्या. अकरा पाचला थांबल्या. टेस्टचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. पॉझिटिव्ह.

चार महिन्यांनी मी रिटायर होऊन गावी आलो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, सुनीता वहिनी, ओसरीवर हळकुंडं निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, 'जा' म्हणालो तेही.

त्यांचे हात थांबले. "तुमी न्हाई म्हनले असते तरी ते ऐकले नसते, भाऊजी. पन तुमी म्हनायला पाह्यजे व्हतं."

 मग त्यांनी अंगणातल्या लक्ष्मीकडे पाहिलं. शेषरावची लेक, अकरा वर्षांची. "हे लेकरू बी त्याच कुत्र्यांसंगं खेळलं. हिच्या रक्तात असंल का वो?"

"तपासू, वहिनी."

हिंगोलीला सोनोग्राफी झाली. यकृतात बोराएवढा फुगा होता. रक्त तपासणीला नांदेडला गेलं. पाच दिवस मला भाकरी गोड लागली नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा वहिनींनी लक्ष्मीला जवळ ओढलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, लवकर सापडलं हे. गोळ्यांनी बरी होईल. तोवर पोटाला मार लागेल असं काही नको."

गोळ्या कित्येक महिने चालल्या. दर तपासणीला एसटीने मीच घेऊन जायचो. एकदा शाळेच्या मैदानाजवळ तिने माझा हात ओढला.

"काका, खो-खो. दोनच मिनिटं."

 "न्हाई," मी म्हणालो.

पोरगी घरापर्यंत रुसून चालली. तिच्या मागून चालताना मी रडलो.

फुगा आता आटलाय. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ती तालुक्याच्या खो-खो संघात खेळून आली. ती बरी व्हावी म्हणून बोललेला नवस वहिनींनी कंदोरी करूनच फेडला. मी बोलणार होतो, पण त्यांनीच आधी कुदळ माझ्या हातात दिली.

"आधी खड्डा. खोल खना, कुत्र्याला उकरता न्हाई आलं पाह्यजे."

कमरेएवढा खणला. बकऱ्याच्या कलेजीत निघालेले फुगे त्यात गेले, वर चुना, माती आणि दगड. आता गावात कुणाचीही कंदोरी असली, तरी चूल पेटायच्या आधी कुणीतरी ओरडतं, "शेषरावचा खड्डा झाला का?"

मी म्हणतो, "झाला." मग कापायला सुरुवात होते.