मामांचं राष्ट्रीय धोरण

देशाची काळजी दिल्लीत बसून पुष्कळ लोक करतात. पण छावणीच्या पलीकडच्या नव्या वसाहतीत, गच्चीवरची एक खोली भाड्याने देऊन ती काळजी एकट्याने वाहणारा माणूस एकच, माझ्या बायकोचे मामा, आमचे शेजारी. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्तीनंतर दुसरा कुणी बागकाम करत बसला असता. मामांनी शिक्षणाच्या निर्यातीचं राष्ट्रीय धोरण लिहायला घेतलं. तसं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. "पण मामा, पोरं बाहेरून इथं येतात, मग ही आयातच नाही का?" असं मी एकदा विचारलं, तर चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावईबापू, जालन्याचा माणूस आपल्या शहागंजात कापड घ्यायला आला, तर माणूस आला म्हणायचं का कापड गेलं म्हणायचं?" त्यानंतर मी निर्यातीच्या वाटेला गेलो नाही.

धोरण राष्ट्रीय असलं तरी त्याला आधार एकाच माणसाचा होता: वरच्या खोलीतला येमेनचा सालेम. त्याला जे होई, ते संध्याकाळपर्यंत कलम होई. रिक्षावाल्याने त्याला भलतीकडेच उतरवलं, कलम सहा. मामींच्या ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कलम नऊ: 'परदेशी विद्यार्थ्यास ठेचा टप्प्याटप्प्याने द्यावा.' औरंगपुऱ्यातला टायपिंगवाला तर मामांना लांबून पाहिलं की शटर ओढायचा.

त्या वर्षांत पाऊस सारखा दगा देत होता आणि शहर मात्र वाढतच होतं. आमच्याकडे घरं आली होती, नळ यायचे होते. आठवड्याला एक टँकर. पाण्यापायी परदेशी पोरं एकेक करून पुण्याला निघाली आणि मामांनी धसका घेतला. "हा गेला तर धोरण कशाच्या जोरावर लिहू?" ते म्हणाले, आणि मग हळूच, "अन् घर लई सुनं होईल हो."

म्हणून मामांनी दुष्काळच लपवायचा ठरवला. सालेम कॉलेजला गेला की अंगणातल्या ड्रममधून दोन बादल्या भरून, धापा टाकत ते वर नेऊन ठेवत. स्वतःची अंघोळ तांब्याभर पाण्यात. एकदा सालेमने टँकर पाहिलाच. "मामू, ये काय कू आता?"

"रस्ता धोने कू," मामा म्हणाले.

आमच्या वसाहतीत तेव्हा रस्ताच नव्हता.

नवल म्हणजे टँकर येईपर्यंत ड्रम बरोबर पुरायचा. "काटकसर!" मामा मला ड्रममध्ये वाकायला लावून दाखवत. "कलम सतरा. एका विद्यार्थ्याला रोज दोन बादल्या, यजमानाला तोशीस नाय." मला हसू दाबणं कठीण जाई, कारण एका दुपारी, मामा घोरत असताना, सालेमला मी अंगणात पकडलं होतं. तो भरलेली बादली आवाज न करता ड्रममध्ये परत ओतत होता. तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "मामू कू मत बोलो. हमारे गाँव में इससे बी कम रहता." दीड वर्ष मी दोघांचंही गुपित सांभाळलं. इतकी मजा मला दुसऱ्या कशात आली नाही.

पदवी घेऊन सालेम गेला. खोलीत बँकेतला एक गृहस्थ आला. मामांनी सवयीने त्यालाही दोन बादल्या नेल्या, आणि पाचव्याच दिवशी ड्रमचा तळ दिसला. "दोन तवाबी, दोन आताबी. मग आटला कसा?" मामा ड्रमभोवती फिरत राहिले. मला राहवलं नाही, सांगून टाकलं.

मामा ड्रमच्या काठाला धरून उभे राहिले. "गधडा," ते म्हणाले, "देशाच्या धोरणात खोटा आकडा घालायला लावला मला." मग टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

कलम सतरा त्यांनी त्याच दिवशी खोडलं. त्या जागी लिहिलं: 'परदेशी विद्यार्थ्यापासून काही लपवू नये. त्याला कळतं.' आता तरी दिल्लीला पाठवा, मी म्हणालो. "असं कसं? त्याची गोष्ट हाय. आधी त्याला विचारतो." त्यांनी येमेनला पत्र टाकलं. त्याला पुष्कळ वर्षं झाली. आता घरात नळ आहे, पण पोस्टमनची सायकल वाजली की मामा अजून फाटकापर्यंत जाऊन येतात, आणि ते परत फिरताना मला त्यांच्याकडे बघवत नाही.