आधी बघ, मग घास

लोखंडाचा तुकडा हातात आला की जोआकिम आधी दारापाशी जायचा. उजेडात तो तिरपा धरायचा, त्यावरून अंगठा फिरवायचा आणि मगच टेबलावर ठेवायचा. आयर्लंडमधल्या नावन गावच्या या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघे वेल्डर आठवडाभर गेट आणि जिने करायचो. शनिवारी मालक त्याला जागा वापरू द्यायचा. तेव्हा तो त्याच्या देशातून, मोझांबिकहून आलेली पेटी उघडायचा. तिकडचं यादवी युद्ध संपल्यावर लोकांनी आणून दिलेल्या, कापून निकामी केलेल्या बंदुकांचे तुकडे तिच्यात होते. प्रत्येकाला, तो ज्या गावात मिळाला त्या गावाची चिठ्ठी बांधलेली. त्यांतून तो पक्षी आणि खुर्च्या घडवायचा. मालक बघून "ग्रँड", म्हणजे छान, म्हणून जायचा. "याला गेटही ग्रँड आणि पाऊसही ग्रँड," जोआकिम पुटपुटायचा.

मी आठवीत शाळा सोडलेला, सांगलीकडे ग्रिलच्या दुकानात शिकलेला. इथल्या वेल्डिंग परीक्षेचे कागद बघूनच मला घाम फुटला होता. ओळीखाली बोट धरून त्यानेच ते मला समजावले. वयाने साठीचा, म्हणून मी त्याला दादा म्हणू लागलो. त्याने अर्थ विचारला. मोठा भाऊ, म्हटलं. तो कामाला वळला. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "ए इंडिया, आज सकाळपासून दादा म्हणाला नाहीस."

एका शनिवारी त्याला मदत व्हावी म्हणून मी लवकर गेलो. पेटीतली एक नळी घेतली आणि ग्राइंडरने गंज काढून चांदीसारखी लखलखीत केली. जोड मारण्याआधी लोखंड उघडं करायचं, एवढंच मला शिकवलेलं. दादा आला. त्याने ग्राइंडर बंद केला.

"यावर काही कोरलेलं होतं?"

"बघितलं नाही, दादा."

तो स्टुलावर बसला. मग सांगू लागला. बंदूकवाल्यांनी त्याच्या धाकट्या भावाला शाळेच्या वाटेवरून लढायला नेलं होतं. तो पोरगा खिळ्याने ताटावर, कुदळीवर, दारावर मासा कोरायचा. हाती दिलेल्या बंदुकीवरही कोरला असणारच. "एक मासा सापडला, तर चिठ्ठीवरचं गाव तरी कळेल. तिथे जाऊन विचारता येईल."

वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही.

"चहा ठेव," तो म्हणाला. "आणि यापुढे आधी बघ, मग घास."

यंदा तो कायमचा घरी परतला. पेटी रिकामी होत आली, मासा सापडला नाही. शेवटच्या शनिवारी त्याने ती नळी माझ्यापुढे ठेवली आणि लोखंडावर रेघ मारायची सुई हातात दिली.

"तुझ्या हाताने पुसलंय. तुझ्याच हाताने लिही."

"मासा काढू?"

"नको. तो होता की नव्हता, आपल्याला माहीत नाही. मला हाक मारतोस, ते लिही."

मी 'दादा' लिहिलं. सुई घसरली, काना तिरका गेला. त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला. "त्याचा मासाही असाच वाकडा यायचा," म्हणाला आणि नळी पेटीच्या तळाशी ठेवली.

आता शनिवारी वर्कशॉप बंद असतं. सोमवारी नवे पाइप येतात. त्यांवर कारखान्याच्या शिक्क्याशिवाय काही नसतं. मी तरी एकेक दारापाशी नेतो.