निरोपानंतरची हजेरी

वाघमारे बाई हजेरी उभ्याने घ्यायच्या. खुर्ची होती, टेबल होतं, पण त्या हजेरीपट घेऊन दाराशेजारी उभ्या राहायच्या आणि एकेक नाव वाचायच्या. ‘हजर’ ऐकू आलं की पुढचं नाव. नाही आलं तर थांबायच्या. व्हरांड्याकडे बघत थांबायच्या. ती मुलगी चपला काढतच असेल, आता आत येईल, इतका वेळ त्या प्रत्येक नावाला द्यायच्या. मग पेन टेकवायच्या. दहावीच्या वर्षी फेब्रुवारीत निम्म्याहून जास्त वर्ग रिकामा असायचा, तेव्हाही त्यांनी हा वेळ कधी कमी केला नाही. आम्ही कंटाळून जायचो.

आमचं गाव वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या पुढे. बाई वसमतला बुद्धविहारामागच्या गल्लीत राहायच्या आणि रोज एस.टी.ने यायच्या. फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत. इतिहास-भूगोल शिकवायच्या, पण शिकवण्याचं फारसं आठवत नाही. खरं सांगायचं तर त्या फार चांगलं शिकवत नसत. धडा वाचायच्या, प्रश्न द्यायच्या, झालं. त्यांचं सगळं लक्ष कोण आलं आणि कोण नाही यावर.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की आठवड्याभरात दहावीचा निरोप समारंभ व्हायचा. प्रत्येकाच्या हातात गुलाबाचं फूल, एक फोटो, पेढा, आणि मग परीक्षेपर्यंत अभ्यासाची सुट्टी. मुख्याध्यापक सर नांदेडचे होते, सरळ माणूस. ते म्हणायचे, “शिकवायचं काही राहिलं नाही. रोज येण्याजाण्यात पोरांचा वेळ जातो. घरी शांतपणे उजळणी केली तर चार मार्क वाढतात.” आणि त्यांचं खोटं नव्हतं. पाटलांचा विलास माडीवर खोली बंद करून बसायचा, त्याला जेवणसुद्धा वर जायचं. त्याचे मार्क वाढले.

बाईंचा या समारंभावर राग होता. “परीक्षा व्हायच्या आधी निरोप कशाचा देता सर?” त्या भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, आम्ही बाहेर फुलं मोजायला उभ्या होतो तेव्हा ऐकलं. “लेकरू अजून आपलं आहे.”

सर म्हणाले, “बाई, रीत आहे.”

“मग पोरांना सोडा. पोरी माझ्याकडं राहू द्या.”

सर हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं असेल, चार दिवसांत बाईच थकतील.

म्हणून निरोप घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुली पुन्हा गणवेश घालून शाळेत. मुलं सायकलवरून मुद्दाम शाळेसमोरून जायची. “ए पोरींनो, तुमाला आधीच नापास केलं काय?” माझ्या बाकावरची मंदा खिडकीतून ओरडायची, “तू हो आधी पास, मंग ये विचारायला!” पण आत राग बाईंवरच होता. एकदा मी विचारलंच, “बाई, आमीच काहून यायचं?”

“तू घरी अभ्यास करशील?”

“व्हय.”

“सकाळी उठल्यापासून सांग मला. काय काय करतीस?”

मी सांगत गेले. पाणी, शेण, भाकरी. त्या दिवसांत हळदीचा हंगाम. शेतातून काढलेली हळद घरामागे मोठ्या लोखंडी कढईत शिजवायची, शिजली की अंगणात पसरायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची. मायच्या हाताखाली मी.

“मंग?” बाई म्हणाल्या.

“मंग अभ्यास.”

“मंग म्हणजे कवा?”

मंदा फिस्सकन हसली, तर बाई तिच्याकडे वळल्या. “तुझं सांग आता.” मंदानं वही उघडली.

“घरी अभ्यास होत नसतो,” बाई म्हणाल्या. “घरी काम होतं.” हे वाक्य त्या महिन्याभरात कितीदा ऐकलं त्याला हिशेब नाही.

त्यांची शिस्त मात्र विचित्र होती. यायचं म्हणजे यायचं. आल्यावर काय करायचं याबद्दल आग्रह नाही. एके दिवशी मंदा बाकावर डोकं टेकवून झोपली. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंनी उन्हाची खिडकी लोटून घेतली आणि आम्हाला म्हणाल्या, “हळू वाचा. तिला घरी कोण झोपू देतंय?” मंदा मधल्या सुट्टीपर्यंत झोपली. उठली, डबा खाल्ला आणि दुपारी भूमितीची तीन-चार प्रमेयं सगळ्यांच्या आधी पाठ केली.

मग माझं झालं. मी निरोप समारंभाचं फूल घरी नेलं होतं, फोटो अण्णांना दाखवला होता. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. निरोप दिला, म्हणजे शाळा संपली. परीक्षा ही त्यांच्या मते नंतरची गोष्ट होती, जमलं तर द्यायची. गावात बहुतेकांना तसंच वाटायचं. मी रोज शाळेत जात होते तरी अण्णांना वाटे, पोरगी मैत्रिणींत बसायला जाते. त्यांनी पाहुण्यांना निरोप धाडला आणि एका सकाळी माय म्हणाली, “आज जाऊ नको. साडी नेस.”

मी नेसले. नाही म्हणायचं सुचलंच नाही. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

पाहुणे ओट्यावर बसले होते. मुलगा नव्हता, त्याचे वडील आणि चुलते होते. मागे कढई शिजत होती, अंगणभर हळदीची वाफ. मी आत पोह्यांचं ताट घेऊन उभी. एवढ्यात फाटक वाजलं. वाघमारे बाई आत आल्या आणि त्यांच्या मागे अख्खा वर्ग, गणवेशात, दप्तरं पाठीला.

अण्णा उठून उभे राहिले. “बाई, तुमी? आज?”

“बसा बसा दत्तराव. पाव्हणे दिसतात. तुमचं चालू द्या, आमचं चालू द्या.” बाईंनी मुलींना लिंबाखाली बसवलं. पिशवीतून हजेरीपट काढला आणि उभ्या राहून नावं घ्यायला लागल्या. मंदा म्हणाली, “हजर.” मग पुढची. मग माझं नाव.

“शोभा.”

बाई थांबल्या. कढईचा रटरट आवाज येत होता. पाहुण्यांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, मीही त्यांच्याकडे नाही. बाई दाराकडे बघत होत्या, वर्गात बघायच्या तशाच, घाई नाही, राग नाही.

“हजर, बाई,” मी म्हणाले. हातात पोह्यांचं ताट.

मुलाचे वडील अण्णांकडे वळले. “दत्तराव, तुमी तर म्हणलात पोरीची शाळा झाली.”

“झालीच की. निरोप झाला, फूल दिलं, फोटो काढला.”

“फूल सरांनी दिलं,” बाई म्हणाल्या. “मी कुठं दिलं?”

चुलते हसले. मग मुलाचे वडीलही. हसता हसता म्हणाले, “न्हाई दत्तराव, परीक्षा व्हायची हाय म्हणल्यावर आपण मधी नको. उद्या पोरगी नापास झाली तर बोल आमच्यावर. परीक्षा झाल्यावर बघू.” पोहे खाऊन ते गेले. पुन्हा आले नाहीत, त्यांनी मार्चच्या आतच दुसरीकडे सोयरीक केली.

अण्णांचा चेहरा उतरला होता. “बाई, पाव्हण्यांपुढं आमची...”

“दत्तराव, मी तुमच्या घरात काही बोलले काय? हजेरी घेतली. ते माझं काम हाय.”

मायने सगळ्यांना चहा दिला. बाईंचा कप वेगळा होता, कानतुटका, मागच्या कोनाड्यातला. बाईंनी तो पाहिला, चहा प्यायल्या, स्वतः विसळून उपडा ठेवला आणि म्हणाल्या, “चला पोरींनो, दुसरा तास.” त्या वयात मला त्याचा अर्थ कळला होता. मायने तो कप परत कोनाड्यात ठेवला.

रात्री अण्णा जेवताना म्हणाले, “जाय उद्यापासून शाळेत. न्हाईतर ती बाई पंगतीत येऊन हजेरी घेईल.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, त्यांना कळलं कसं? त्या म्हणाल्या, “कळायचं काय त्यात? तुझं नाव घेतलं, तू न्हाई. तुझ्या शेजारणीला विचारलं, तर ती खाली बघायली.” मग जरा वेळाने, पुस्तकातून डोकं वर न काढता, “पोरगी महिनाभर दिवसा घरी दिसली की गावाला वाटतं, रिकामी झाली. रस्त्यानं दप्तर घेऊन जाणाऱ्या पोरीचं कोणी विचारत न्हाई. मी मॅट्रिकला होते तेव्हा आमाला अशीच सुट्टी दिली होती. परीक्षेला माझ्या वर्गातली मी एकटी पोरगी. माझ्या बापाकडं स्थळच आलं न्हवतं म्हणून.” आणि त्या हसल्या. आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

मी दहावी काठावर पास झाले. रोज शाळेत गेल्याने मार्क वाढले असं मला म्हणता येत नाही. सरांच्या बाजूने बोलायचं तर विलास पाटील घरी बसून कितीतरी पुढे गेला. अकरावीसाठी वसमतला जावं लागायचं, अण्णा नाही म्हणाले, आणि माझं शिक्षण तिथेच थांबलं. बाई एकदा येऊन बोलून गेल्या. पण अकरावीचा हजेरीपट त्यांच्या हातात नव्हता. लग्न झालं ते मी अठरा पूर्ण झाल्यावर. मालक हैद्राबादला कामाला, म्हणून मी इकडे आले. इथे औषधं भरण्याच्या कारखान्यात ‘दहावी पास पाहिजे’ म्हणतात. मी दहावीचा मेमो, म्हणजे गुणपत्रिका, दाखवला आणि आत घेतलं. माझ्याबरोबर आलेल्या दोघींना झाडलोटीवर ठेवलं. फरक एवढाच आहे. पण तो रोज आठ तासांचा फरक आहे.

दूर राहिलं की माणूस उगाच धास्तावतं. माझी धाकटी बहीण कविता दहावीला गेली तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. शाळेसमोरच्या किराणा दुकानात आता फोन बसला होता. तिथून एका सकाळी तिने फोन केला. “अक्का, वाघमारे बाई गेल्या. दवाखान्यात होत्या नांदेडला.” मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, “आन् आमाला निरोप झाला. आता सुट्टीच हाय, सगळ्या पोरी घरीच अभ्यास करून राहिल्यात.”

दोन्ही गोष्टी तिने एकाच दमात सांगितल्या. मला दुसरीने जास्त घाबरवलं. फेब्रुवारी होता. मला ओटा दिसला, वाफ दिसली.

मी अण्णांना दुकानात फोनवर बोलावून घेतलं. “अण्णा, कविताला शाळेत पाठवा.”

“अगं, शाळा बंद हाय त्यांची. एकटी काय करील तिथं?”

“वर्ग उघडा असतो. बसू द्या.”

“कोण हाय तिथं आता हजेरी घ्यायला?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांचा आवाज वेगळाच आला. “चांगली बाई व्हती. कप धुऊन ठेवला व्हता तिनं.” मला वाटलं होतं, त्या घरात तो कप फक्त मीच पाहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मी कारखान्याबाहेरच्या बूथवरून दुकानात फोन लावला. कविताच आली, धापा टाकत. “अक्का, अण्णा सायकलवर सोडून गेले. शिपायानं वर्ग उघडून दिला. पण वर्गात मी एकटीच हाय. लोकं बघायलेत. काय करू?”

माझ्यामागे बूथवर माणसं उभी होती.

“कविता,” मी म्हणाले. फक्त नाव. आणि थांबले.

तिकडून दुकानदाराचा रेडिओ ऐकू येत होता. एक एस.टी. गेली. मी थांबले.

“हजर, अक्का.”

“मग जा. बस जाऊन.”