लातूर ते किनवट: सासूबाईंचा उपवास आणि लोह्याजवळ बंद पडलेली गाडी

किनवटला जायचं मी रागाच्या भरात ठरवलं. जानेवारीत मामंजी गेले, तेव्हापासून सासूबाई अर्धी भाकरी खाऊन ताट सारायच्या. मग लेंट लागला. ईस्टरआधीचे आम्हा ख्रिस्ती लोकांचे हे उपवासाचे दिवस, सासूबाईंना आयतंच निमित्त मिळालं. आम्ही सगळ्यांनी मटण सोडलं. मी चहाही सोडला आणि येईल त्याच्यावर खेकसायला लागले. सासूबाईंनी जेवणच सोडल्यात जमा! चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "दुःखात देव जास्त जवळ असतो." मी म्हटलं, "जवळ असेल तर यांना दोन घास भरवायला सांगा त्याला." किनवटला त्यांची धाकटी बहीण राहते. तिच्या हातचं तरी खातील, एवढीच आशा होती.

लातूरहून दुपारची नांदेड एसटी धरा, खिडकी मिळते. बाईमाणसाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. सासूबाई शहात्तरच्या, पण आधार कार्ड काढायला तयार नाहीत. "म्हातारी म्हणून नोंद करून घेऊ काय?" शेवटी अर्धं तिकीट काढलं.

अहमदपूरच्या स्टँडवर भजी खा. मी चार खाल्ली, चहाच्या टपरीकडे पाठ करून. इथे शाहीनबी चढल्या आणि आमच्या शेजारी बसल्या. गावात त्यांचं बांगड्यांचं दुकान, निघाल्या होत्या नांदेडला लेकीकडे. रमजान चालू, त्यांचा रोजा होता.

लोह्याच्या अलीकडे गाडीनं भसकन धूर सोडला. "दुसरी गाडी येऊन राहिली," कंडक्टर म्हणाला. साडेचारपासून सहापर्यंत तो हेच म्हणत होता.

आम्ही लिंबाखाली बसलो. मी कंडक्टरला चपाती दिली, तर त्याची एकादशी. त्यानं शेंगदाण्याचे लाडू काढले, तर शाहीनबींचा रोजा. शाहीनबींनी लेकीसाठी घेतलेला खिम्याचा डबा आमच्यापुढे केला, "रोजा माझा हाय, तुमचा थोडीच?" तर आमचा लेंट! आता बोला. एका झाडाखाली एवढं खाणं आणि खायला कुणी नाही.

सासूबाईंनी तर पाणीही नाकारलं. शाहीनबी चकित झाल्या. "अम्मा, तुमच्यातबी पानी चालत न्हाई?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या. धडधडीत खोटं!

"मग आपन संगच सोडू," शाहीनबी खूश होऊन म्हणाल्या.

दूरच्या गावातून अजान ऐकू आली. शाहीनबींनी पहिला खजूर सासूबाईंच्या हातावर ठेवला. दुसरा स्वतःच्या हातात धरून थांबल्या.

"तू खा गं."

"बडं मानूस आधी."

"मला न्हाई जात."

"मग मीबी थांबते."

पहाटेपासून त्या बाईच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, ओठ सुकलेले. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय हट्टी बाई हाय!" म्हणत त्यांनी खजूर तोंडात टाकला. मग पाणी प्यायल्या. मग दुसरा खजूर, तिसरा, वर माझी चपाती. कंडक्टरचे लाडूसुद्धा दोन! मी गाडीमागे जाऊन ढसाढसा रडले.

शेवटी दुसरी गाडी आली आणि नांदेडला उतरताना शाहीनबींनी सासूबाईंचा नंबर मागून घेतला. तिथून दुसऱ्या दिवशी रेल्वेनं किनवट. पळस फुलला होता, बहिणीनं प्रेमानं रांधलं, सासूबाईंनी जेमतेम खाल्लं. म्हणजे ज्यासाठी गेलो ते तिथे झालंच नाही.

लातूरला परतलो त्या संध्याकाळी मात्र रोजा सोडायच्या वेळेला शाहीनबींचा फोन आला. "अम्मा, बसल्या का?" सासूबाई लगबगीनं ताटावर बसल्या. फोन स्पीकरवर, दोघींचा पहिला घास एकदमच. मग रोजचंच झालं ते.

ईद जवळ आली तसा माझा जीव खालीवर. रोजे संपले की फोनही संपणार. ईदच्या दुसऱ्या दिवशी वेळ झाली, फोन वाजला नाही. सासूबाईंनी घड्याळ पाहिलं, ताट पाहिलं. मी देवाला म्हटलं, बघ बाबा आता तूच.

सासूबाईंनी मोबाईल ओढला, डोळे बारीक करून नंबर लावला आणि कडाडल्या, "रोजे संपले म्हणून काय झालं गं? इथं भाकर गार होऊन राहिली. बस लवकर!"