सायीच्या रंगाखाली

शेजारच्या गॅरेजातून थिनरचा वास आला, की माझ्यापुरतं लोणावळ्यात साठच्या दशकातलं ते धुकं पुन्हा उतरतं.

माझं लग्न नवं होतं. आमचे हे मोटारींना रंग द्यायचे. खंडाळ्याच्या एका शेठची जुनी, उघड्या टपाची मोटार मुंबईच्या प्रदर्शनात जायची होती, आणि तिथं म्हणे गाडी कारखान्यातून निघाली तश्शीच लागायची. यांनी दाराच्या कडीखाली हळूहळू खरवडून तिचा मूळ, सायीसारखा रंग शोधला. त्या रंगाचा शेवटचा हात दिला, पण धुक्यात तो वाळेचना.

खंडेनवमीला सासूबाई पवना नदीकाठच्या गावाहून आल्या. त्यांनी पाने-पकडी पुजल्या आणि तेवढ्याच मायेनं गाडीच्या बॉनेटवर ओलं कुंकू टेकवलं. बोट रंगात रुतलं.

"आये, काय केलंस हे! त्यास्नी गाडी जशीच्या तशी पायजे!" हे ओरडले.

"एवढी नटवलीस, आन् कुंकवाबिगर धाडतूस व्हय? दिष्ट लागंल की तिला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

यांनी कपाळाला हात लावला. ऊन पडल्यावर डाग घासला, वर पुन्हा रंग मारला. तरी आत किंचित लाली उरलीच. ती फक्त आम्हालाच दिसायची.

प्रदर्शनात गाडी अस्सल म्हणून पहिली आली. तेव्हा नुसतं हायसं वाटलं होतं.

आता हे नाहीत, सासूबाईही नाहीत. गाडी कुठं आहे, ठाऊक नाही. पण हा वास आला की वाटतं, त्या अस्सल रंगाखाली सासूबाईंचं बोट अजून ओलंच असेल.